अक्कांच्या भिंतीवरच्या बॅटी

खटकचिंचोळीच्या शाळेत मराठी शिकवायला मी रुजू झाले, त्या दिवशी सही करताना मागून आवाज आला, "डावखुऱ्या हाय की ओ तुम्ही. संध्याकाळी टेबलापाशी या." त्या खेळाच्या शिक्षिका गिरिजाअक्का. मी जन्मात टेबल टेनिसची बॅट धरली नव्हती. अक्कांनी माझी बोटं एकेक करून मुठीवर बसवली, आणि तिथून आमचा स्नेह जुळला.

अक्कांनी यंदा पंच्याहत्तरी गाठली. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर जुन्या बॅटी टांगलेल्या आहेत. काही बुचाच्या, काही दाणेदार रबराच्या, कडा टेबलावर आपटून झिजलेल्या. बहुतेक त्यांच्या मैत्रिणींच्या. लग्न झालं की खेळ सुटायचा, बॅट माळ्यावर पडायची. अक्का ती मागून आणायच्या. शाळेतल्या कुणाही मुलीनं भिंतीवरची बॅट काढून खेळावं, त्यांनी कधी अडवलं नाही.

माझ्या आईचं दुखणं निघालं तेव्हा मी माहेरी, मादन हिप्परग्याला, अडकून पडले. माझे तास अक्कांनी घेतले. मी परतल्यावर म्हणाल्या, "समास तेवढा राहिलाय, बाई. त्यो माझ्यानं व्हायचा न्हाई."

एका बॅटीसाठी मात्र त्या फार वर्षं हळहळत होत्या. दुहेरीतल्या त्यांच्या जोडीदारीण शांताबाई लग्न होऊन करजगीला गेल्या, बॅटही त्यांच्याबरोबर गेली, त्यानंतर भेट नव्हती. निवृत्तीनंतर अक्का मला घेऊन निघाल्या. कलबुर्गीला बस बदलून आम्ही करजगीला पोचलो. शांताबाईंनी चहा ठेवला, आणि चुलीशेजारच्या दुधाच्या पातेल्यावर ती बॅट झाकलेली दिसली. रबर केव्हाच गेलेलं, नुसतं लाकूड उरलेलं.

"शांते, ही मला दे. भिंतीवर लावते," अक्का म्हणाल्या.

शांताबाईंनी बॅट उचलून पदरानं पुसली. "ट्रंकेच्या तळाला घालून आणली होती गं. सासूबाईनं इचारलं, हे काय? मी म्हणाले, झाकण हाय. म्हणून तर राह्यली घरात." मूठ त्यांच्या हातात आपोआप बसली होती. "न्हाई देणार, गिरजे. माझी हाय ती."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "वाईट वाटायलंय का?"

"कामून वाटंल? तिची तिच्यापाशी हाय," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

पुढच्याच महिन्यात त्यांनी हैदराबादहून लाल रबर मागवलं आणि स्वतः करजगीला जाऊन त्या बॅटीला चिकटवून दिलं. आता शांताबाई ओसरीवर दोन टेबलं जोडून सुनेबरोबर खेळतात. सुनेनं मला फोनवर सांगितलं, "आत्याबाई एक गुण सोडंनात."

अक्कांचं मनगट असंच हलकं राहो, गुडघे त्यांचं ऐकत राहोत. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या सत्काराला शांताबाई करजगीहून यायच्या आहेत. मंडपाशेजारी आम्ही टेबल मांडून ठेवलं आहे. भाषणं आटोपती घ्यावीत, ही वक्त्यांना नम्र विनंती.