मामाजींचं वारूळ

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी सुरतेत, कारखान्यात साड्यांच्या घड्या घालत होते. "वहिनी, बाबा गेले..." एवढंच बोलले माझे धाकटे दीर. मी आणि माझा नवरा गावी, आंबागडला पोचलो तोवर माती होऊन गेली होती. तेरवीपर्यंत राहिलो. माझे सासरे, म्हणजे मामाजी, फौजेतून हवालदार होऊन आलेले. अर्धं आयुष्य सरहद्दीवर गेलं म्हणून की काय, परतल्यावर घर आणि जंगल सोडून ते कुठं रमले नाहीत.

आठवीत शाळा सुटलेली मी सून होऊन आले, तेव्हा कागद समोर आला की मी तो नवऱ्याकडं सरकवायचे. मामाजींनी तहसीलीत नेऊन रेशनकार्डाचा फॉर्म माझ्याच हातात दिला. "मामाजी, चुकलं तर?" "तं दुसरा घेऊ. इथं का गोळ्या सुटून राहिल्या?" तीन फॉर्म वाया गेले, चौथा भरला. आज परमुलखात मी माझं नाव-पत्ता कुणाला न विचारता लिहिते. हा मजकूरही लिहायला बसले, तो त्यांच्याच भरवशावर.

पावसाळ्यात ते मला सात्या काढायला न्यायचे. वारुळावर उगवणारी ही जंगली अळंबी आमच्याकडं मटणापेक्षा प्यारी. ज्याचं वारूळ त्यालाच ठाऊक. ती जागा बाहेर कुणाला सांगायची नसते. पहिल्याच वर्षी शेजारच्या काकूंनी गोड आवाजात विचारलं, "कुठं भेटल्या वो एवढ्या?" आणि मी सांगून बसले! दुसऱ्या दिवशी वारूळ साफ. सासूबाई भडकल्या. मामाजी मात्र हसले. "फौजेत असती तं पाठीवर वजन देऊन मैदानभर पळवली असती तुले." पुढच्या साली त्यांनी दुसरं वारूळ हेरलं आणि तिथं फक्त मला नेलं. दोन्ही पोरांना नाही. "काहून मामाजी?" "तू एकदा फसली. आता नाही बोलत तू. हे पोट्टे अजून फसाचे आहेत." सात्या रांधायचेही तेच, आणि पहिली वाटी सासूबाईंपुढं ठेवायचे. "एवढी वर्षं एकटी जेवली. आता पहिले तू जेव." सासूबाई लाजून म्हणायच्या, "मीठ जास्त झालं," आणि वाटी पुसून खायच्या.

तेरवी झाली आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती जागा आता साऱ्या घरात मला एकटीला ठाऊक. आमची गाडी परवा रात्रीची. तिकडं मला काही झालं, नाहीतर मीच वाट विसरले, तर मामाजींचं वारूळ घरातून गेलंच... दुसऱ्या दिवशी, गावातच राहणाऱ्या भाऊजींना घेऊन निघाले. सात्यांचे दिवस अजून दूर होते. समोर वारुळाची नुसती कोरडी, लाल माती. भाऊजींनी वाकून वारुळावर हात फिरवला. "बाबानं मले नाही दाखवली ही जागा, वहिनी." मग त्यांनी मोबाइल काढला, लोकेशन टाकून ठेवायला.

"ठेवा तो खिशात. उद्या कोणाच्या हातात जाईल."

"मंग ध्यानात कसं राहीन?"

"उद्या सकाळी पुन्हा येऊ. तुम्ही समोर, मी मागं."

सकाळी ते पुढं झाले. नाल्यापाशी उजवीकडं वळायचं, तर सरळ निघाले. मी वाट चुकले की मामाजी कधी बोलत नसत, जागच्या जागी थांबून जायचे. मीही थांबले. दहा-बारा पावलांनंतर, मागं पाचोळा वाजत नाही, हे भाऊजींना कळलं. ते थबकले. मान न वळवताच म्हणाले, "सायकल शिकवताना बाबा असेच थांबून जात..."

बाहीनं तोंड पुसलं, नाल्यापर्यंत परत आले आणि उजवीकडं वळले.