गल्लीतलं विषुववृत्त

पृथ्वीचे दोन समान भाग करणारी रेषा आखणं, ही मानवी बुद्धीची सर्वात मोठी झेप मानली पाहिजे. आमच्या गल्लीत ती रेषा एका संध्याकाळी आखली गेली. पिवळा रंग कमी पडल्यामुळे शेवटचा तुकडा पांढरा आहे.

याला थोडाफार मी कारणीभूत. मुलगी नोकरीनिमित्त इक्वेडोरच्या राजधानीत, क्विटोला, असते. मी आणि बायको तिच्याकडे महिनाभर राहून आलो, आणि परतल्यावर मी फोटो दाखवण्याची चूक केली. बघायला आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष बसले होते. ते विजेच्या मोटारी रिवाइंड करतात. मंडळाला सलग सहा वर्षं देखाव्याचा दुसरा नंबर मिळाला होता. अध्यक्षपदाचं हे त्यांचं शेवटचं वर्ष, आणि पहिल्या नंबरची ढाल हातात घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, असं ते मांडवात, दुकानात आणि एकदा एका मयतीलाही बोलून गेले होते.

मी त्यांना आधी क्विटोचं मोठं चर्च दाखवलं. त्याच्या भिंतींतून, जुन्या चर्चांवर असतात तशा दगडी राक्षसांच्या जागी, कासवं आणि घोरपडीसारखे प्राणी डोकावतात. हे चर्च पूर्ण झालं की जगाचा अंत होईल अशी तिथे समजूत आहे, म्हणून ते अपुरंच मानतात. अशी खबरदारी आपल्याकडेही पुष्कळ बांधकामांत घेतलेली दिसते.

"नको सर. अपुरं दिसलं तर परीक्षक मार्क कापतील की."

तिथल्या टेकडीवरची मेरीची पंखवाली भव्य मूर्तीही त्यांनी नाकारली. गणपतीपेक्षा उंच काही चालणार नव्हतं. मग शहराबाहेरचं विषुववृत्ताचं स्मारक आलं: दगडी चौकोनी मनोरा, वर पृथ्वीचा गोल, आणि पायथ्याशी जमिनीवर आखलेली पिवळी रेषा. अध्यक्ष पुढे सरकले.

"ह्या रेषेच्या दोन बाजूला काय?"

"एकीकडे उत्तर गोलार्ध, दुसरीकडे दक्षिण."

"म्हंजे दोन रांगा," अध्यक्ष म्हणाले, आणि विषय संपला.

मनोरा झकास झाला. प्लायवूडवर दगडाचा रंग असा चढवला होता की एक म्हातारे गृहस्थ त्याला टेकले आणि त्यांना दोघांनी सावरलं. मी मात्र रेषा बघून थांबलो. आमची गल्ली दक्षिणोत्तर आहे. रेषाही गल्लीतून सरळ दक्षिणोत्तर गेली होती.

"अध्यक्ष, विषुववृत्त पूर्व-पश्चिम असतं."

"आडवी मारली तर रांग अडंल की. आन् बाया-पुरुष येगळे कसे करायचे?"

त्यांनी फलकसुद्धा लावले होते. 'उत्तर गोलार्ध - पुरुष. दक्षिण गोलार्ध - महिला.' माझी बायको दर्शन घेऊन आली आणि म्हणाली, "दक्षिणेत एकही पंखा नाही."

तिसऱ्या दिवशी परीक्षक आले. तिघांपैकी एक बाई निवृत्त भूगोल शिक्षिका होत्या. त्यांनी मनोऱ्याकडे पाहिलंच नाही. पर्समधून मोबाईल काढला, त्यातलं होकायंत्र उघडलं आणि रेषेवर धरलं.

"हे विषुववृत्त उत्तरेकडे कुठे निघालंय?"

"बाई, आमी मनानं काय केलं न्हाय," अध्यक्ष म्हणाले. "सर सोता जाऊन आलेत. इचारा त्यास्नी."

सगळे माझ्याकडे वळले. खरं बोललो तर ढाल जात होती, खोटं बोललो तर एका भूगोलाच्या बाईंसमोर बोलावं लागत होतं. मी मधला मार्ग काढला.

"तिथली रेषासुद्धा चुकलेली आहे," मी म्हणालो. "मोजणी जुनी आहे. खरं विषुववृत्त तिथून अडीचशे मीटरभर उत्तरेला जातं."

"आणि तुमची किती चुकलीय?"

"नव्वद अंश," मी म्हणालो.

बाईंनी ते लिहून घेतलं.

बक्षीस समारंभात पुन्हा दुसराच नंबर आला. अध्यक्षांनी व्यासपीठावर दुसऱ्या नंबरची ढाल घेतली, हार घातलेल्या गळ्यानेच पुढच्या वर्षीही आपणच अध्यक्ष राहणार असल्याचं जाहीर केलं, आणि खाली उतरून माझ्याशेजारी बसले.

"सर, त्ये अडीचशे मीटर खरं हाय?"

"खरं आहे."

"मग लोकं त्या रेषेवर उभी ऱ्हाऊन फोटो काढत्यात त्ये?"

"एक पाय उत्तर गोलार्धात, एक दक्षिणेत, असं समजून काढतात. दोन्ही पाय दक्षिणेतच असतात."

अध्यक्षांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

"आन् त्यास्नी कुणी काय म्हणत न्हाय?"

"नाही," मी म्हणालो. "तिथे आत जायला तिकीट आहे."