शिट्टीतली उडी

परवा मी फोनवर एक चाल गुणगुणले आणि तुम्ही दोघांनी दहा मिनिटांत मूळ गाणं शोधून पाठवलंत. खाली लिहिलंत, "आजी, शिट्टीच्या जागी तू मधलं खाल्लंस." खाल्लं खरं. पण मी एकटीने नाही, सगळ्या कोल्हापूरने खाल्लं होतं. ते कसं, हे नीट लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि राजारामपुरीतल्या आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटीच होते. ते गाणं रेडिओवर दोनदा ऐकलं आणि डोक्यातून जाईना. दुकानदाराला सांगून रेकॉर्ड मागवली, ती महिन्याभराने आली. दहा गाणी होती. एक माझं. उरलेली नऊ का गायली असावीत हे मला अजून समजलेलं नाही. एकात तर गाणारा निम्मा वेळ नुसते उसासे टाकत होता. एरवी मी सगळं वहीत टिपून ठेवणारी, पण त्या गायकाचं नावसुद्धा माझ्या लक्षात राहिलं नाही.

सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजीला, आम्ही आत्या म्हणायचो. त्यांनी कव्हर उलटंपालटं करून पाहिलं. "धा गाण्यांतलं एकच चांगलं? अशी वांगी आणली असतीस तर परत धाडली असती की मी!"

त्या दिवसापासून ती रेकॉर्ड माझ्या इभ्रतीची गोष्ट झाली. दर रविवारी मी ती मऊ फडक्याने पुसायची. त्या टापटिपीनेच घात केला. एका रविवारी फडक्यात वाळूचा कण असावा, बरोबर माझ्याच गाण्यावर ओरखडा उठला. त्या गाण्यात मध्ये एक शिट्टी आहे. एकदाच येते आणि पायरी पायरीने वर चढत जाते. तिथे आली की सुई टुणकन पुढे उडायची आणि शिट्टी अर्ध्यावर सोडून थेट धृपदात उतरायची. हे घरात कळू द्यायचं नव्हतं. म्हणून गाणं लावलं की मी शेजारी उभी राहायची आणि शिट्टी आली की सुईच्या दांडीवर बोट टेकवायची. हलका दाब दिला की सुई सरळ जाई.

त्याच वर्षी माझ्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं. बँड ठरला पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांचा. त्यांच्या घरी तीन पिढ्या क्लॅरिनेट होतं आणि ईदेचा शिरखुर्मा आमच्याकडे त्यांच्याच घरून यायचा. ते बोलणी करायला आले तेव्हा माझं गाणं वाजत होतं. मास्तर दारातच थांबले.

"वहिनी, हे वाजवूया की वरातीत! कोल्हापुरात कुणी वाजवलं न्हाय अजून."

दीर खूश झाला. आत्या नाही. "नवरीकडचं बिद्रीचं पावणं येणार हाईत. विंग्रजी वाजवायला गेला आन् फसलं तर गावभर हसं. मग जबाबदारी कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले.

मास्तरांना नोटेशन येत नव्हतं आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. आमच्या प्लेअरला मिनिटाला सोळा फेऱ्यांचा संथ वेगही होता. त्यावर रेकॉर्ड लावली की गाणं निम्म्या चालीने, घोगऱ्या आवाजात चालायचं. मग मास्तर एकेक सूर सुटा ऐकून क्लॅरिनेटवर उचलायचे. पंधरा दिवस, रविवार सोडून, ते रोज अकराला आले. अकराला मी शाळेत. रेकॉर्ड आत्या लावायच्या. त्या वेळी दांडीवर बोट टेकवायला कुणी नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी विचारलं की आत्या म्हणायच्या, "बसतंय की."

लग्नाच्या दिवशी वरात मारुतीच्या देवळापासून निघाली. माझं गाणं सुरू झालं तशी मी मान ताठ करून चालू लागले. शिट्टी चढू लागली. एक पायरी, दुसरी, तिसरी, आणि टुणकन! सगळी वाद्यं एकदम धृपदात. माझा ओरखडा, भर रस्त्यात, ट्रम्पेटवर. आता पाहुणे हसणार.

तेवढ्यात पाहुण्यांतला एक पैलवान गडी बरोबर त्या जागी हवेत उडाला. पुढच्या खेपेला चौघे उडाले. तिसऱ्या खेपेला घोड्यावरचा नवरदेव सोडून अख्खी वरात उडाली. "मास्तर, उडी परत घ्या की वो!" मास्तरांनी चौकापर्यंत ती शिट्टी किती वेळा घेतली, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मास्तर मानाचा नारळ घ्यायला आले, तेव्हा मी हळूच विचारलं, "शिट्टी मध्येच तुटते, ते खटकलं नाही?"

"खटकलं की. तुमच्या सासूबाईंना इचारलं मी. त्या म्हणल्या, विंग्रजी गाणं हाय, त्यांचं तसंच असतंय."

मास्तर गेल्यावर मी आत्यांपुढे उभी राहिले आणि ओरखड्याचं सगळं सांगून टाकलं. त्या लसूण सोलत होत्या. मान वर केली नाही.

"म्हायती हाय. तू दांडीवर बोट दाबतीस ते मला दिसत न्हाय व्हय?"

"मग मास्तरांना सांगितलं का नाहीत?"

"माझ्या सुनंची रेकॉर्ड खराब हाय म्हणून भाईरच्याला सांगू?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि लसूण सोलू लागले. त्यानंतर त्या रेकॉर्डबद्दल त्यांनी मला एकदाही टोमणा मारला नाही.

पुढच्या लग्नसराईत दुसऱ्या बँडवाल्यांनीही ती चाल उचलली, उडीसकट. काही वर्षांनी हुपरीला एका लग्नात बेंजोवर ती ऐकली, तेव्हा शेजारची अनोळखी बाई मला कोपराने ढोसून म्हणाली, "आता उडी येतीया बघा." मी म्हटलं, "हो का?" पण त्या दिवशी मी घरी किती ऐटीत परतले, ते तुमच्या आजोबांना विचारा.

तुम्ही पाठवलेलं गाणं मी तीनदा ऐकलं. त्यात शिट्टी शेवटच्या पायरीपर्यंत जाते. चांगली आहे, पण त्या जागी कुणी उडेल असं वाटत नाही. ती रेकॉर्ड माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेली आहे. तुम्ही याल तेव्हा लावीन. आणि बोट टेकवणार नाही.