भर रस्त्यात माझी चेष्टा!

बायांनो, आज पहाटे मी आमच्या चेरीताल मोहल्ल्यातून पार शहराच्या टोकाला, खमरियापर्यंत सायकल चालवली! मोहल्ल्याच्या सायकलवाल्या ग्रुपसोबत मुलगा, नात अन् मी. हवा अशी गार होती, की घरी काहून झोपतात लोक, देव जाणे.

चढ लागला तसा मुलगा म्हणाला, "आई, उतर, पडशील. पुढच्या रविवारी तू घरीच थांब."

तेवढ्यात ग्रुपमधले हिंदीचे रिटायर मास्तरजी मागून ओरडले, "वाह! अम्माजी की चेष्टा देखिए सब लोग!"

माझी चेष्टा? सगळ्यांसमोर? मी उतरलेच नाही. पदर खोचला अन् असे पायडल मारले की मास्तरजीही मागे अन् मुलगाही. वर पोचल्यावर विचारलं, "काहून जी, मेरी मजाक उड़ाते हो?"

नात पोट धरून हसायला लागली. "आजी, त्यांच्या पुस्तकी हिंदीत चेष्टा म्हणजे कोशिश!"

आता मला काय माहीत! भाजीवाला भैया तर कोशिशच म्हणतो. मास्तरजींना मी चहा पाजला.

मुलाला मात्र सांगितलं, "थांबायचं तर तू थांब. मी जाऊनच राहिली."

तुम्हाला कोण घरी बसवून राहिलं, बायांनो?