आबांनी न पाहिलेली लाट

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी पुण्याच्या कॉलेजात माझ्या वाट्याला एक काचेची नळी आली. पंपाने तिच्यातली हवा काढायची, थोडासा वायू सोडायचा आणि त्यातून वीज न्यायची, की नळी जांभळी उजळायची. अशा वीजभारित वायूला प्लाझ्मा म्हणतात. नळीभोवती तारेचं वेटोळं बसवून, त्यात करंट सोडून चुंबकाचा जोर वाढवत न्यायचा आणि प्लाझ्मात लाटा कधी उठतात ते मोजायचं, हे माझं काम.

हवं तसं वेटोळं कुठे मिळेना. आम्ही तेव्हा दापोडीला राहायचो. माझे वडील, आबा, पिंपरीच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींत तार गुंडाळायचं, वाइंडिंगचं काम करायचे. त्यांनी नळीची जाडी विचारली, तार किती तापेल ते विचारलं. मग शिफ्टवरून आले की चहा घेऊन ओट्यावर बसायचे आणि तार गुंडाळायचे. आई समोर रीळ धरून.

नळीत खुपसलेल्या बारीक तारेवरून, विजेचे चढउतार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटायची. आबांच्या वेटोळ्यातला करंट मी वाढवत गेले. बराच वेळ रेघ सरळ होती. मग ती जराशी थरथरली, आणि बघता बघता एकसारख्या लाटा उठल्या. आणखी वाढवल्यावर नुसता गोंधळ. करंट उतरवला, की पुन्हा शांत. सर खूश झाले. मला मात्र तिथे आबा हवे होते.

एका रविवारी त्यांना घेऊन गेले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. पंप चालू केला आणि वीज गेली. दुपारभर वाट पाहिली, ती काही आली नाही.

"तू सांग की, कशी दिसती," आबा म्हणाले. मी टेबलावरच्या धुळीत बोटाने लाट काढून दाखवली.

पुढे त्यांचा ओव्हरटाइम, माझी परीक्षा, मग लग्न. मी नागपूरला गेले आणि नळी दुसऱ्या कुणाकडे.

माहेरी आले होते तेव्हा ओट्यावरून आबांचा आवाज आला. शेजाऱ्यांना सांगत होते, "आधी रेघ गप असती. मग अशी उठती."

"तुमी बघितली?"

"बघितली की."

मी आतच थांबले.

आता आबा नाहीत. तरी एकदा त्यांना त्या खोलीत न्यावं, खुर्ची पुढे ओढून बसवावं, करंटचं बटण त्यांच्याच हातात द्यावं आणि म्हणावं, हळूहळू फिरवा, असं अजून फार वाटतं.