फोनो थोरल्याचा, कपाट धाकट्याचं

कोंढा गावच्या फोनोचा तपास अजूनही माझ्या मनातून जात नाही. फिर्याद द्यायला आलेला शेतकरी ऐन धानकापणी सोडून ठाण्यात आला होता. कापणी टाकून येणारा माणूस उगाच येत नाही.

“साहेब, घरचा चावीचा फोनो चोरीले गेला. आन् चोर मले ठाऊक आहे. माहा लहाना भाऊ.”

बरीच वर्षं आधी दोघा भावांची वाटणी झाली होती. वडिलांच्या हौसेचा भोंग्याचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, थोरल्याकडे आला आणि तो ज्यावर ठेवायचा ते रेकॉर्डचं सागवानी कपाट, तबकड्यांसकट, धाकट्याकडे गेलं. धाकटा जवाहरनगरला कारखान्यात नोकरीला. एकाकडे फोनो होता पण लावायला तबकडी नाही, दुसऱ्याकडे कपाटभर तबकड्या पण फोनो नाही. त्यात दोघांचं बोलणं बंद. अशा हट्टी भावांना काय म्हणावं?

गुन्हा नोंदवून घटनास्थळाचा पंचनामा केला. कडीकुलूप शाबूत होतं. म्हातारे वडील थोरल्याकडेच राहत. ते धोतर सावरत ओसरीवर बसले होते. विचारलं तर म्हणाले, “मले आताशा दिसत नाही जी.”

काही दिवसांनी खबर आली. जवाहरनगरला माझ्या ओळखीचा एक माणूस होता. त्याने धाकट्याच्या क्वार्टरमधून जुनी गाणी ऐकली होती. तिथल्या ठाण्याला कळवून, पंच घेऊन गेलो. फोनो कपाटावर दिमाखात बसला होता. कपाटाच्या वरच्या बनातीवर चार पायांचे खोलगट ठसे होते, आणि फोनोचे पाय त्यांत असे बसले की केसभर इकडेतिकडे नाही. आजूबाजूचं कापड विटलेलं, फोनोखालचं मात्र अजूनही हिरवट. जोडा हाच, याबद्दल शंका उरली नाही.

“कुठून आणला?” मी धाकट्याला विचारलं.

“सांगत नाही.”

“अटक झाली तर निलंबन होईल. नोकरीवर येईल.”

“येऊ द्या.”

दारात उभी असलेली त्याची बायको रडकुंडीला आली. “बोला ना जी! काहून गप बसून राहिले?”

चोर सहसा ‘सांगत नाही’ असं म्हणत नाही. बाजारातून घेतला, मित्राने दिला, अशी थाप त्याच्या तोंडात तयार असते. हा माणूस दुसऱ्या कोणाला तरी झाकत होता. फोनो ज्यात बांधून आणला होता ते कापड मी दाखवायला सांगितलं. बायकोने ते आणून दिलं. ती घरी आली तेव्हा भोंगा फिरवून वेगळा काढलेला, सुई काढून डबीत ठेवलेली, आणि सगळं या एका जुन्या धोतरात नीट गुंडाळलेलं होतं. चोराला इतकं जपायची गरज काय? आणि दोन्ही घरांत धोतर नेसणारा माणूस एकच होता.

कोंढ्याला जाऊन ते धोतर म्हाताऱ्यापुढे ठेवलं. त्यांनी ते ओळखलं, दिसत नसूनही.

“मीच नेला. थोरला धानाच्या बांधीत होता, वावरात. काळीपिवळी जीपमंधी बसलो आन् गेलो. लहान्याले शपथ घातली, सांगू नको म्हणून.”

“पण कायले, बाबाजी?”

“वाटणी मीच केली होती साहेब. मुद्दाम तशी केली. गाणं आयकाची हौस आली का एक जण दुसऱ्याच्या दारी जाईल म्हटलं. कोणीच नाही गेला. मंग मीच गेलो.”

खाकी अंगावर असताना डोळे भरून येणं बरं दिसत नाही, म्हणून जबाब लिहायला घेतला.

मुद्देमालाची ओळख पटवण्यासाठी जप्त केलेल्या फोनोबरोबर कपाटही टेम्पोने ठाण्यात आणवलं आणि तिघांना बोलावलं. थोरल्याला बापाचा जबाब वाचून दाखवला. त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. फोनो चालू आहे का ते पाहायचं होतं, म्हणून हवालदाराने चावीला हात घातला.

“राहू द्या, स्प्रिंग तुटंल,” थोरला पुढे झाला. हवालदार कपाटाकडे वळला, तर धाकटा म्हणाला, “थांबा जी, तबकडी फुटंल.”

मग थोरल्याने चावी भरली. धाकट्याने तबकडी शर्टाला पुसून लावली. ठाण्यात कोणत्या तरी जुन्या नाटकातलं पद खरखरत सुरू झालं. थोडा वेळ ऐकून थोरला तबकडीकडेच बघत म्हणाला, “हे नाही. दुसरी बाजू लाव, बाबाले ते आवडते.”

भावाने बाजू उलटली. बाकावर बसलेले म्हातारे डोळे पुसत म्हणाले, “एवढ्यासाठी ठाण्यात या लागलं, बाप्पा!”

गैरसमजातून दिलेली फिर्याद, असा शेरा मारून तपास बंद करणारी ‘क’ समरी कोर्टात पाठवली. धाकट्याची नोकरी वाचली. त्यानंतर भावाभावांची कोणतीही फिर्याद आली की पहिला जबाब मी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा घेऊ लागलो. पोरांनी काय काय वाटून घेतलं ते तलाठीही सांगतो. आईबापाने ते देताना मनात काय धरलं होतं, हे विचारायला मात्र कोणी जात नाही.