शिंप्याचा लेथ

गावात वीज यायच्या आधीची गोष्ट. आमच्या लासुर्ण्याच्या शिंप्यानं पायानं चालवायच्या शिलाई मशीनचं डोकं काढलं आणि त्या जागी लोखंड कातायचा लेथ बसवला. कपडे तो हातानं शिवू लागला. लेथवर मात्र लेथचेच भाग व्हायचे. आज चाक, उद्या दांडा. मापं कापडाच्या टेपनं घ्यायची, खुणा शिंप्याच्या खडूनं करायच्या. भाग सुरुवातीला जाडच ठेवायचा. "कमी पडलं तर लोखंडाला ठिगळ लावता येत न्हाय, तात्या," म्हणायचा.

एका उन्हाळ्यात माझ्या डिझेल पंपाचा दांडा ज्यात फिरतो, तो पितळी बुश फुटला. बारामतीत मिळेना, पुण्याहून यायला आठवडा लागणार, आणि इकडं वांग्यांनी माना टाकलेल्या. शिंप्याकडं शिवायला टाकलेला सदरा झाला का विचारायला गेलो, तर माझं तोंड बघूनच त्यानं काय झालं ते विचारलं. ऐकलं, आणि पाना घेऊन आपल्याच लेथचा बुश काढायला लागला.

"अरं, दोन महिने कानशीनं घासलास की तो!"

"माप तुमच्याच पंपावरनं घेतलं व्हतं. बसंल."

बसला. सरीत पाणी पळालं.

"आता तुझा लेथ बंद?"

"व्हय, लई बेस झालं!" तो खुशीत म्हणाला. "त्या बुशात लेथपुरती जराशी खोट व्हती, पण मोडाय मन व्हत नव्हतं. आता नवा करतो."

दुकानात परत येऊन त्यानं लगेच खडू घेतला. माझ्या सदऱ्याचं कापड कोपऱ्यात घडीतच होतं. मी टेपचं दुसरं टोक धरलं.